चिखल्यांवरची गोळी

लागोपाठ तिसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, तेव्हा आम्ही मेंढरं विकली अन् शहरात येऊन गारखेड्यात एक खोली घेऊन राहिलो. करमाडजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर मला वॉचमनची नोकरी लागली. जन्मभर रानात चपलेवर हिंडलेला माणूस मी, आता दिवसभर पायात बूट! बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. शिवारात चिखल बघायला मिळेना अन् मला चिखल्या! हसावं का रडावं? कातडी पांढरी पडून चिरायची, पाय टेकवला की जीव जायचा.

मलमं लावून झाली. मग गल्लीतल्या डॉक्टरनं फ्लुकोनॅझोल दिली, आठवड्याला एक गोळी. थोड्या दिवसांत खाज थांबली, मी गोळी सोडली. मेंढराचं लंगडणं थांबलं की आम्ही खुराचं औषध बंद करायचो. तेच डोकं मी इथं चालवलं. दुखणं दुपटीनं परत आलं. बायको म्हणाली, "मेंढरं विकली, त्यांच्यासंगं अक्कल पण विकली का तुम्ही?"

कातडीच्या मोठ्या डॉक्टरकडं गेलो. तो म्हणाला, "यावर टर्बिनाफिन जास्त चांगली. रोज एक घ्यायची. कावीळ झाली होती का कधी?"

झाली होती. रक्त तपासलं, तर लिव्हर अजून खराबच.

"मग ही देता येणार नाही. इट्राकोनॅझोल आहे, पण तीही लिव्हरला जड. तुम्ही बूट सोडा, मोजे रोज धुवा."

मोजे रोज धुवा म्हणे! आमच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं. दुसऱ्या दिवशी चपलेवर गेटवर गेलो, तर सुपरवायझर म्हणाला, "काका, बूट घालणार नसाल तर उद्यापासून येऊ नका." लई संताप आला. तोंडातून मात्र "व्हय साहेब" एवढंच निघालं. माघारी तरी कुठं जायचं? गावाकडं आता होतं काय आमचं?

येताना औषधाच्या दुकानातून टर्बिनाफिन घेतली. दुकानदारानं चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. घरी आल्यावर गोळ्यांचं पाकीट बायकोपुढं ठेवलं. सुपरवायझर काय बोलला ते सांगितलं, डॉक्टरचं तर तिला ठाऊकच होतं. वाटलं, ही आता घर डोक्यावर घेणार, गोळ्या उकिरड्यावर फेकून देणार. खरं सांगतो, मला तेच पाहिजे होतं.

तिनं माझ्या चिरलेल्या पायांकडं बघितलं. मग उठली अन् तांब्याभर पाणी आणून गोळ्यांच्या पाकिटाशेजारी ठेवलं.