कडीपलीकडचा हात

अकोल्यात आमच्या आळीत वीज आली, तेव्हापासून हा अकोटचा वायरमन मला हार्डवेअरच्या दुकानात नेहमी भेटे. मला चार खिळे हवे असत, पण लाकडाला भोक पाडायचं त्याचं गिरमीट निवडून होईपर्यंत मी ताटकळत उभा. दुकानदार मोठ्या दांड्याचं, महागडं पुढे करी. हा दोन खोकी वीतभर अंतरावर ठेवून त्यांच्या फटीत ते फिरवून पाही आणि परत देई.

"छताच्या कड्यांच्या मधात हे फिरत नाई. अन् याले दोन्ही हात लागतात. मले एका हाताचं, सस्तं द्या."

मग लहान गिरमिटाचं टोक तळहातावर टोचून बघे. मला त्याचा वैताग येई.

आमच्या घरी वायरसाठी भोकं पाडायला तो शिडीवर चढला, तेव्हा कंदील मी धरला होता. छताच्या दोन सागवानी कड्यांमध्ये त्याने डोकं कोंबलं. उजव्या हाताने गिरमीट फिरू लागलं. डावा तळहात मात्र कडीच्या पलीकडे, नेमकं टोक निघणार तिथे टेकवलेला.

"अहो, हात काढा!" मी ओरडलो.

"कंदील हालवू नका, भाऊ. टोक निंगताच थांबलं नाई, त कडी फाटते. पलीकडचं मले दिसते कुठी?"

"मग तिथे लाकडाचा तुकडा धरा."

"लाकडाले दुखत नाई. मले कसं समजन?"

गिरमीट करकरत राहिलं. एकाएकी थांबलं. तळहातावरचा रक्ताचा थेंब त्याने पँटला पुसला आणि शिडी पुढच्या कडीखाली सरकवली.

पुढे दुकानात त्याने टोक तळहाताला लावलं, की माझी मूठ आपोआप मिटे.