सव्वीस खाडे

मी तीन शाळांत ड्रिल मास्तर होतो. दोन शाळांनी मला कागदावर बांधून घेतलं होतं, एकीने नारळावर. कागदवाल्या शाळांचं माझ्यावर काही देणं उरलं नाही, आणि माझं त्यांच्यावरही नाही. नारळवालीचं मात्र अजून आठवतं.

शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरीच्या अलीकडे एक मोठं गाव होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून इंग्रजी तीन इयत्तांची शाळा काढली होती. कमिटीचे अध्यक्ष गावचे मोठे जमीनदार. त्यांना सगळे आबा म्हणत. मी नुकताच कसरतीचा कोर्स करून आलो होतो. अंगात रग होती आणि आपल्याला सगळं कळतं अशी समजूतही होती. आबांनी मला आखाजीच्या दिवशी बोलावलं. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. त्याच दिवशी शेतकरी आपले सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी, नेमतो. आखाजी ते आखाजी एक साल. लिहायचं काही नाही. नारळ द्यायचा, पायात नवा वहाणांचा जोड द्यायचा, झालं.

आबांनी मलाही नारळ दिला आणि वहाणा दिल्या. मला हसू आवरेना. मी विचारलं, नेमणुकीचा कागद केव्हा मिळेल? आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही कमीपणाचं बोललो. कागद हवा कशाला, साल बोललं ना, म्हणाले. मी म्हटलं, ठीक. मनात म्हटलं, हे लोक मास्तरलाही बैलांमागे उभा करतील.

शाळेला मैदान नव्हतं. आबांनी त्यांचं खळं दिलं. खळ्याला लागून राखणदाराची एक खोप होती, मातीच्या भिंतींची, शेणाने सारवलेली. तिथे मी हुतुतूचा संघ उभा केला. मुलं शेतकऱ्यांची. पाय मजबूत, पण दोन दम भरले की खोकत बसत. आषाढापासून मी त्यांना रोज पहाटे पळवलं. दिवाळीपर्यंत तीच मुलं एका दमात पलीकडच्या तिघांना हात लावून परत येऊ लागली.

त्यांचा कप्तान होता आबांच्या सालदाराचा मुलगा. घराणं सातपुड्यातलं, भिलाचं. पण बाप दहा वर्षं आबांकडेच सालाने होता, म्हणून पोरगा गावातच वाढला आणि गावासारखी अहिराणी बोलायचा. बोलायचा म्हणजे, विचारलं तर. चढाईला गेला की मात्र समोरच्याला तो कुठून आला तेच कळत नसे. मी आयुष्यात पुष्कळ खेळाडू पाहिले. त्याच्या तोडीचे दोनच असतील.

तेव्हा शालेय सामन्यांत वय पाहत नसत, उंची पाहत. वय कोण खरं सांगतो? मैदानाच्या तोंडाशी दोन खांबांवर आडवी काठी बांधलेली असे. तिच्याखालून ताठ उभं राहून जाता आलं तर लहान गटात. डोकं लागलं तर घरी. मोठ्या गटाला आमच्या तीन इयत्तांच्या शाळेत मुलंच नव्हती. नंदुरबारला मार्गशीर्षात सामने होणार होते, आणि त्या वर्षी आमचा कप्तान काठीखालून केसभर जागेने जाणार होता. मी खोपीच्या दारात त्याच मापाची काठी बांधून ठेवली होती. दर आठवड्याला तो तिच्याखाली उभा राही आणि मी मध्ये बोट घालून पाही. आधी दोन बोटं जात होती. दिवाळीला एकच जाऊ लागलं. त्याचे हेच सामने, पुढच्या वर्षी नाहीत, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारच्या एका मोठ्या शाळेतून निरोप आला. त्यांचा ड्रिल मास्तर आजारी पडून गेला होता आणि त्यांनाही सामन्यांसाठी माणूस हवा होता. मी गेलो. हेडमास्तरांनी छापील करार पुढे ठेवला. तीन वर्षांची नेमणूक, पुढे कायम. कलमं अकरा. सातवं कलम असं की दुसऱ्या कोणत्याही शाळेचं काम करायचं नाही. मी विचारलं, मी जिथे आहे तिथलं काय? त्यांनी विचारलं, तिथे काही लिहून दिलंय का? मी म्हटलं, नारळ घेतलाय. हेडमास्तर हसले आणि मीही हसलो. नारळावर काही कोर्टात दावा होत नाही. मी सही केली. हे मी कोणावर ढकलत नाही. त्या दिवशी मला एक क्षणही वाईट वाटलं नाही.

मग आबांना सांगायला गेलो. मला वाटलं होतं ते चिडतील, गावाच्या पोरांचा घात केला म्हणतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जाई या मास्तर. आखाजीलगून जागा तुमनीच शे."

आखाजीपर्यंत जागा तुमचीच, याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. मोठ्या मनाचा माणूस, आशीर्वाद देतोय, वगैरे. सुटलो एकदाचा, म्हटलं. आबांचं म्हणणं अगदी सरळ होतं, ते मला फार उशिरा कळलं. सालदार कधी कधी रुसतो, कधी बायकोच्या माहेरी जातो, पंधरा पंधरा दिवस येत नाही. म्हणून त्याची जागा कोणी दुसऱ्याला देत नाही, आणि दुसरा शेतकरीही त्याला साल संपेपर्यंत ठेवून घेत नाही. तो येतोच. जेवढे दिवस आला नाही तेवढे त्याचे खाडे पडतात आणि आखाजीनंतर तो ते भरून देतो. आबांच्या लेखी मी रुसून गेलो होतो. मला कोणी ठेवून घेतलं असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. म्हणून त्यांनी दुसरा मास्तर शोधलाच नाही.

मुलांना सांगायला मी गेलोच नाही. तेवढी हिंमत नव्हती.

सामन्यांच्या दिवशी मी नव्या शाळेच्या मुलांना घेऊन मैदानावर उभा होतो, पायात शाळेने दिलेले कॅनव्हासचे बूट. हेडमास्तर शेजारी. आणि वेशीकडून बैलगाडी आली. प्रकाशा गावापाशी नावेतून तापी ओलांडून, दीड दिवसाचा प्रवास करून माझी नऊ मुलं आली होती. बरोबर गाडीवान, बाकी कोणी नाही. मी खांब बघत राहिलो, आभाळ बघत राहिलो, बुटाची नाडी दोनदा बांधली.

ती मुलं एकेक करून काठीखालून गेली. कप्तान शेवटी. त्याने केस भादरून घेतले होते. पूर्ण गोटा. तो ताठ उभा राहिला, श्वास सोडला आणि गेला. काठी लागली नाही. त्याच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा हसू पाहिलं.

मग व्यवस्थापकांनी यादी मागितली. नियम असा की यादीवर त्या शाळेच्या ड्रिल मास्तरची सही हवी. आदल्या वर्षी कुठल्याशा शाळेने तालमीतले पैलवान शाळकरी म्हणून उतरवले होते, तेव्हापासून हा नियम कडक झाला होता. व्यवस्थापकांनी विचारलं, तुमचे मास्तर कुठे आहेत?

कप्तानाने माझ्याकडे हात केला. "आमना मास्तर? त्या काय, तठे उभा शेतस."

त्यात टोमणा नव्हता, हे मला आजही खात्रीने सांगता येतं. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच वाटत होतं की मी त्याचा मास्तर आहे. आखाजी अजून लांब होती.

व्यवस्थापक माझ्याकडे पाहू लागले. हेडमास्तरही पाहू लागले. एक सही करायला किती वेळ लागतो? माझ्या खिशाला पेन होतं. पण डोळ्यांपुढे सातवं कलम आलं, तीन वर्षं आली, पुढचं कायम आलं. मी म्हणालो, "मी या शाळेचा नाही."

कप्तानाने व्यवस्थापकांच्या हातून यादी परत घेतली, नीट चार घड्या केल्या आणि टोपीत ठेवली. नऊच्या नऊ मुलं आखणीबाहेर जमिनीवर बसली आणि दिवसभर दुसऱ्यांचे सामने पाहत राहिली. मी एकदाही तिकडे मान वळवली नाही. आमची नवी शाळा पहिला सामना जिंकली आणि दुसरा हरली. ज्या शाळेशी हरलो तिला माझ्या कप्तानाने एकट्याने गुंडाळलं असतं. हे मी तेव्हा कोणाला म्हणालो नाही.

पुढे आखाजीला मी घरी गेलो. आमच्याकडेही सालदार होता. त्याचं साल संपलं, दुसऱ्या दिवशी त्याला पोराबाळांसह डोंगरात परतायचं होतं. पण माघात तापाने पडला होता त्याचे चार खाडे राहिले होते. वैशाखाच्या उन्हात तो चार दिवस शेणखत वाहत होता. वडिलांनी म्हटलंही, जा रे, राहू दे. तो नाही म्हणाला. मी ओसरीवर पाट टाकून आंबे खात होतो. पहिल्या दिवशी खाल्ले, दुसऱ्या दिवशी हातातला आंबा खाली ठेवला. मी छापील अकरा कलमांचा माणूस, आणि ज्याच्यापाशी कागदाचा कपटाही नाही तो माणूस चार दिवसांसाठी उन्हात उभा. मला लाज वाटली. साधी, चारचौघांना वाटते तशी लाज.

सुट्टी होती. मी आबांनी दिलेल्या वहाणा घातल्या आणि त्यांच्या गावी गेलो. माफी मागायची म्हणून चार वाक्यं पाठ करून नेली होती. दुसऱ्या वाक्यालाच आबांनी मला थांबवलं. "मन्हाकडे काय उनात, मास्तर? ज्यासना खाडा शेतस त्यासनाकडे जा."

खाडे होते ते मुलांचे. मी खळ्यावर गेलो. खोपीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढलेल्या होत्या. गोठ्याच्या भिंतीवर आबा सालदाराचे खाडे तशाच रेघांनी मांडत. पोराने बापाचे पाहिले होते, तसेच त्याने माझे मांडले. मी गेलो त्या दिवसापासून सामन्यांच्या दिवसापर्यंत सव्वीस. पुढे भिंत कोरी होती.

कप्तान बैल घेऊन आला. त्याने शाळा सोडली होती. बापाची कंबर धरली होती, म्हणून या आखाजीला आबांनी त्याला नारळ दिला होता. पायात नव्या वहाणा होत्या. तो खोपीच्या दारातून आत गेला तेव्हा मी बांधलेली काठी अजून तिथेच होती. ती चुकवायला त्याला मान खाली घालावी लागली.

मी सव्वीस दिवस गावात राहिलो. करारात ते बसत होतं की नाही, मी पाहिलं नाही. रोज पहाटे धाकट्या मुलांना पळवलं, दम शिकवला, चढाई शिकवली. जुन्या नवांपैकी बाकीचे कोणी आले नाहीत. कप्तान कामावरून परतताना संध्याकाळी खळ्यावरून जायचा, थांबायचा, ओल्या हाताने एक रेघ पुसायचा आणि बैलांमागे निघून जायचा. एकदा मी त्याला म्हटलं, ये, दोन चढाया कर, पोरांना दाखव. तो म्हणाला, बैलांना पाणी पाजायचं राहिलंय.

सव्विसाव्या दिवशी त्याने शेवटची रेघ पुसली आणि हात धोतराला पुसला. मी काहीतरी बोलणार होतो. ती पाठ केलेली चार वाक्यं अजून माझ्यापाशी होती.

"तुमनं साल भराई गयं, मास्तर," तो म्हणाला. "आते जा."