डावीकडचा आवाज

"बसायला सांगू नका, आधी आवाज ऐका."

चिकलठाण्याच्या माझ्या गॅरेजात बाई शिरल्या की हेच पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चहा नाही. हातातली किल्ली बोटाभोवती सारखी गरगर फिरत असायची. मी खुर्ची पुढं सरकवली की तिच्याकडं असं बघायच्या, जणू तिच्यावर विंचू बसलाय. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून खुर्चीत गेलेली. रिटायर झाल्या त्या दिवशीच म्हणे ठरवलं, आता बसणं बास.

तुम्हीही त्यांना जालना रोडवर पाहिलं असेल. लाल रंगाची, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार, जमिनीला पोट घासत चाललेली, आणि आत पांढरा अंबाडा. बघणाऱ्याला वाटायचं, नातवाची गाडी आज्जीनं पळवली. पण गाडी त्यांचीच, बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून हौसेनं घेतलेली. लग्न केलं नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या गल्लीत एकट्या राहायच्या आणि मनात आलं की निघायच्या. गंगापूरपर्यंत जायचं, उसाचा रस प्यायचा, परत यायचं. कशाला गेला होता विचारलं तर म्हणायच्या, "जायचं म्हणून."

गाडीचं दुखणं एकच. खड्ड्यात गेली की पुढं डावीकडं खट्ट वाजायचं. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून पुढच्या दोन चाकांना जोडणारी लोखंडी दांडी असते, तिला आम्ही स्टॅबिलायझर बार म्हणतो. ती चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथं धरलेली असते तिथं रबरी बुश असतो. तो झिजला की दांडी खुळखुळते. मी बुश बदलायचो, आवाज जायचा, आणि थोड्याच दिवसांत बाई पुन्हा दारात. उजवीकडचा बुश नव्यासारखा, डावीकडच्याचा पार भुगा. मला काही कळेना. मी रबराला शिव्या घालायचो, दुकानदाराला घालायचो, रस्ते करणाऱ्यांना तर रोजच घालायचो. मी गाडीखाली, आणि बाईंच्या येरझाऱ्या गाडीभोवती. मला खालून नुसत्या चपला दिसायच्या, इकडून तिकडं, तिकडून इकडं. लई डोकं उठायचं. बाई, जरा टेका की, असं म्हणलं की चपला थांबायच्या आणि पुन्हा चालू व्हायच्या.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळीच त्या आल्या. पाने, जॅक, वेल्डिंगचं मशीन असं सगळं धुऊन पुसून मी पाटावर मांडलं होतं. हळदकुंकू लावायचं तेवढं राहिलं होतं. गंगापूरकडं आमच्या घरी नांगर पूजेला बसला की दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत कुणी हात लावत नाही, तीच रीत मी गॅरेजात पाळतो. म्हणून नुसती बॅटरी घेऊन खाली शिरलो. या वेळी दोष बुशचा नव्हता. बुशवरची पट्टी चेसीला जिथं जोडलेली असते, तिथला पत्राच फाटला होता. वेल्डिंगशिवाय इलाज नव्हता.

तेव्हा बाईंनी खरी अडचण सांगितली. पुण्याचा भाचा दसऱ्याला दुपारी येणार होता. मावशीला कायमचं पुण्याला न्यायचं आणि गाडी विकायची, असं त्याच्या मनात. फोनवर दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी तो म्हणाला होता, सीमोल्लंघनाला मला गंगापूरला नेऊन आण, गाडी धड चालली तर पुन्हा विषय काढणार नाही.

मला वाईट वाटलं. म्हणलं, अजून कुंकू लागलं नाही, एक पाना उचलतो. दांडीची दोन्ही टोकं सोडून ठेवतो, आवाज साफ बंद. वळणावर जरा सांभाळा. भाच्याला काय कळतंय? दसरा झाला की नीट जोडून देतो.

बाई एका जागी थांबल्या. "मिस्त्री, दुखतंय तर दुखतंय म्हणावं. तोंड दाबून काय उपयोग? उद्या सकाळी येते."

दसऱ्याला लवकर पूजा उचलली, नारळ फोडला आणि मशीन लावलं. गंज खरवडून काढला, आतून जाड पट्टी देऊन वेल्डिंग मारलं, नवा बुश बसवला. तोवर बाई बाहेर झेंडूच्या पाकळ्या तुडवत फिरत होत्या. मग म्हणाल्या, चला, शेजारी बसा. आजवर दुरुस्तीनंतर मीच गाडी चालवून बघायचो, त्या चालवताना शेजारी बसायची ही पहिलीच वेळ.

सणामुळं कारखान्यांचा रस्ता रिकामा होता, ऊन लख्ख. पुढं डाव्या कडेला खड्डा, बैलगाडीचं चाक बसेल एवढा. मला लांबूनच दिसला. वाटलं, आता वळवतील. आता वळवतील. गाडी सरळ त्यात गेली. माझं डोकं छताला आपटलं. वेल्डिंग टिकलं, खट्ट झालं नाही.

बाईंनी गाडी कडेला घेतली.

"आवाज आला?"

"नाय."

"खड्डा होता ना?"

डावीकडचाच बुश का जातो ते मला तेव्हा कळलं. कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

"डावा डोळा," त्या म्हणाल्या. "परत यायचा नाही म्हणतात. मला वाटलं, एकावर भागेल."

मला आदल्या दिवशी तोंड दाबू नका म्हणणाऱ्या बाईंनी स्वतःचं दुखणं आजवर दाबून धरलं होतं. गाडी मी परत आणली. गॅरेजात आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "खुर्ची द्या जरा." मी खुर्ची पुसून ठेवली. त्या बसल्या. मला ते बघवेना, मी उगाच नळावर हात धूत राहिलो.

दुपारी भाचा गॅरेजातच आला. मी घाईघाईनं सांगितलं, गाडी एकदम ठणठणीत आहे. माझ्या मनात होतं, बाईंनी गप्प बसावं. त्यांनी भाच्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि त्यावर किल्ली. "गाडी चांगली आहे. मला दिसत नाही. तू चालव." गंगापूरला दोघं जाऊन आले, तो चालवत आणि बाई शेजारी. गाडी विकायची नाही, एवढं मात्र त्यांनी वाटेत त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

आता बाई पुण्यात असतात आणि गाडी माझ्याकडं, ताडपत्रीखाली. रविवारी सकाळी फोन वाजतो. मी गाडी सुरू करतो आणि मोबाईल बॉनेटवर ठेवतो. पलीकडं बाई इंजिन ऐकत असतात. मग म्हणतात, जरा वाढवा. मी रेस देतो.

परवा मी सहज विचारलं, बाई, बसून ऐकताय ना?

"छे, उभी आहे," त्या म्हणाल्या. "आज बाहेर काढा तिला. त्या खड्ड्यावरून न्या, मी ऐकते."

मी मोबाईल शेजारच्या सीटवर ठेवला आणि निघालो.