कोळ्याचा बोकड

दोन हजार बावीस सालचा भादवा. पोळा होऊन आठ दिवस झाले होते, सोयाबीन शेंगा भरत होतं. त्या आठवड्यात माझ्या हातून जे झालं ते आज सांगतो. हसा खुशाल, पण मध्येच उठून जाऊ नका.

मी चौथी शिकलो. पण जवळा बाजारच्या बाजारात बकरीच्या पैदाशीतलं मला शिकवील असा माणूस अजून जन्मला नाही. चाळीस वर्षं लोक मला बोकड दाखवायला आणतात. मी छाती बघतो, मांड्या बघतो, उभं राहणं बघतो. "घेऊन जा," म्हणालो की विषय संपला. आणि कळपाचा बोकड दर दोन वर्षांनी बदलायचा, तोही लांबून आणायचा. एकाच रक्ताचं होत राहिलं की पिलं लेचीपेची निघतात. पटतं ना? मग पुढची निम्मी चूक तुमच्याही नावावर!

माझे जावई हिंगोलीला कॉलेजात विज्ञान शिकवायचे. त्यांना कोळ्यांचा नाद. आढ्याला जाळं करतो तो कोळी नव्हे. तळहाताएवढा, केसाळ, परदेशी. टॅरंटुला म्हणतात. कागदपत्रांसकट घेतलेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत जावई गेले. माझी शोभा एक ट्रंक आणि दोन काचेच्या पेट्या घेऊन माहेरी आली आणि इथल्या शाळेत शिकवू लागली.

एका पेटीत मादी होती. काळी कुळकुळीत, गुडघ्यांवर शेंदरी. मसुराच्या दाण्याएवढी असताना जावयांनी ती आणली आणि नऊ वर्षं वाढवली. हिची पिलं बघायची, एवढीच त्यांची इच्छा होती. ते गेले, आणि मग ती वयात आली.

दुसऱ्या पेटीत एक नर होता, पण दुसऱ्या जातीचा. म्हणून शोभानं नाशिकच्या एका गृहस्थांकडून मादीच्याच जातीचा नर मागवला. या लोकांत तशी रीत आहे. नर उसना द्यायचा, पिलं झाली की निम्मी घ्यायची. आपण बकरी निम्म्यानं देतो, तसंच.

नाशिकचा नर आला त्या दिवशी शोभा हसली. सव्वा वर्षानं.

मी मात्र नर बघितला आणि कपाळाला हात लावला. पायांच्या नुसत्या काड्या! अंगावर मूठभर मांस नाही. शोभानं त्याला मादीपुढं सोडला, तर कोपऱ्यात जाऊन बसला. तिनं त्याला परत त्याच्या डब्यात घातला.

"दादा, उद्या परत बघू," शोभा म्हणाली. "आज शाळेत तपासणी हाय. तुमी फक्त पेट्यांवर ध्यान ठेवा. हात लावू नका."

हात लावू नका! मला! चाळीस वर्षं बोकड लावणाऱ्याला!

ती फाट्याला पोचली नसेल, तोवर मी दुसऱ्या पेटीपुढं बसलो होतो. तो नर बघितला. काय भरदार गडी! आणि रक्तही वेगळं. नाशिकचा म्हणजे मादीचाच भाऊबंद. माझ्या शास्त्रात ते बसेना. मी प्लास्टिकची डबी उपडी घातली, खाली पुठ्ठा सरकवला आणि गड्याला मादीच्या पेटीत सोडला. त्यानं हलगी वाजवावी तसे पुढचे पाय जमिनीवर आपटले. मादीनं जबाब दिला. पाच मिनिटांत काम फत्ते. मी त्याला जागेवर नेऊन ठेवला आणि चहा मांडला.

संध्याकाळी शोभाला म्हणालो, "झालं तुझं काम."

"झालं? तुमी बघितलं?"

"ह्या डोळ्यानं."

तिनं पदर डोळ्याला लावला. कोणत्या नराचं झालं, हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पिलं दणकट निघाली की सांगू म्हटलं. तिनं लगेच नाशिकला फोन केला. चार दिवसांनी नाशिकचा नर डब्यातच मेला. वय झालं होतं. त्या गृहस्थांनी एका शब्दानं बोल लावला नाही. "नर असेच जातात, ताई. त्याची पिलं येतील ना," म्हणाले.

मी गप्प. पण चहाच्या टपरीवर गप्प बसवेना.

"काहून आबा," गणपत न्हावी म्हणाला, "आता कोळ्याचा बी बाजार भरवता काय?"

"भरवीन. असा संकर केलाय, की पुण्या-मुंबईचे लोक दारात येऊन राहतील."

"दूध किती देईल मग?"

सगळी टपरी हसली. मी अर्धा कप टाकून उठलो.

थंडीत पिलं निघाली. एकशेचाळीस! रव्याचे दाणे चालावेत तशी. शोभा रात्रंदिवस त्यांच्यातच. इवल्या डब्या आणल्या, सत्तर नाशिकला पाठवायला वेगळ्या काढल्या, जावयांच्या वहीत जात लिहिली, बाप म्हणून नाशिकचा नर लिहिला. तेव्हा मला राहवलं नाही.

"नाशिकचं नाव काहून लिहितेस? त्या काडीकडून काय होणार होतं? हा माझा संकर हाय. आपल्या दांडग्याचा."

तिनं पेन खाली ठेवलं.

"दादा, मग ही कुणालाच देता येत न्हाईत."

"काहून? दणकट हायत की!"

"लहानपणी सगळी सारखीच दिसतात. लोक आईची जात म्हणून नेतील, त्यांची पुढं पैदास करतील. दहा वर्षांनी खरी कोणती अन् खोटी कोणती, कुणाला कळणार न्हाई. ह्यांनी असं कधी होऊ दिलं नसतं."

"मग ठेव घरात."

"एकशेचाळीस? वीस वीस वर्षं? अन् माझ्या मागं कुणाच्या हाती जातील?"

तिनं सगळ्या डब्या एका पिशवीत भरल्या आणि फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवल्या. त्यात त्यांना झोप लागते, झोपेतच जातात, दुखत नाही, म्हणाली. मग फ्रीजच्या दाराला पाठ लावून खालीच बसली. मी आयुष्यभर खाटकाला बोकड विकले. त्या दिवशी ताट तसंच झाकून ठेवलं.

नाशिकला फोन लावायला तिनं मोबाईल घेतला. मी म्हणालो, "राहू दे. मी जातो."

वारंगा फाट्यावरून गाडी धरली. त्या गृहस्थांच्या दारात टोपी काढून उभा राहिलो. जन्मात कुणापुढं काढली नव्हती. सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देतील.

ते म्हणाले, "बाबा, तुम्ही बोलला नसतात तर मी ती पिलं वीस जणांना वाटली असती." पाणी दिलं. मग म्हणाले, "मादी कात टाकेल तेव्हा जुन्या नराचं बीज कातीबरोबर जाईल, ती पुन्हा कोरी होईल. तेव्हा या."

उन्हाळ्यात तिनं कात टाकली. मी पुन्हा गेलो, दुसरा नर घेतला आणि डबा मांडीवर धरून रात्रभराच्या प्रवासात डोळा मिटला नाही. तोही काडीच होता. घरी आल्याबरोबर डबा शोभाच्या हाती दिला.

या खेपेला नव्वद पिलं निघाली. शोभानं ती जावयांच्या फोटोपुढं नेऊन दाखवली. मी दारातूनच बघितलं. मग पंचेचाळीस घेऊन तिसऱ्यांदा नाशिक गाठलं.

त्या गृहस्थांनी डब्या उजेडात धरल्या. "बाबा, या वेळी नर कुणी लावला?"

"पोरीनं. मला बाहेर बसवून आतून कडी लावली होती."

त्यांनी एकेक डबी मोजली. पंचेचाळीस भरली.

देणं फिटलं.