बिनहुकमी हजेरी

किशनरावांसारखा कडक पोलीस पाटील अहमदपूर भागात दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट सगळ्यात आधी तेच सांगत. बहात्तरच्या दुष्काळात व्यंकटीनं सरकारी गोदामातून मिलोचं, म्हणजे रेशनच्या लाल ज्वारीचं, पोतं उचललं, तेव्हा त्याला मानगुटीला धरून फौजदाराच्या हवाली केलं ते त्यांनीच. कोर्टानं दीड वर्षाची सजा दिली. व्यंकटीनं ती मुकाट भोगली, वर जेलात सतरंज्या विणायला शिकून आला. हात असा बसला होता की लातूरच्या एका कारखानदारानं नमुना बघितला आणि म्हणाला, "उद्यापासून ये."

उद्या कसलं अन् काय! किशनरावांच्या वडलांनी निजामाच्या राज्यात पाटीलकी केलेली. तेव्हा सुटून आलेल्या माणसानं रोज दिवेलागणीला चावडीवर तोंड दाखवायचं, असा दंडक होता. लहानपणी बघितलेलं ते किशनरावांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की हा कायदा अजून आहे का गेला, हे कुणाला विचारावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. व्यंकटी गावात आला त्याच दिवशी त्यांनी बजावलं, "रोज सांजच्याला हजेरी. एक दिवस चुकलास तर पुन्हा आत."

आता लातुरात माग चालवून रोज सांजेला गावात कोण येणार? कारखाना राहिला बाजूला. व्यंकटी लोकांच्या शेतात राबू लागला आणि रोज चावडीच्या पायरीशी उभा राहून म्हणू लागला, "हाजिर हाय, मालक." पाटील पानाला चुना लावत नुसते हुंकारत. अशी वर्षं गेली.

मग ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला, फटाके फुटले, पेढे वाटले. जिल्ह्याचे नवे पोलीस साहेब अहमदपूरला आले आणि त्यांनी सगळ्या पोलीस पाटलांना बोलावून घेतलं. किशनराव पुढच्याच खुर्चीवर. मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आमच्या गावात चोरीचं नाव न्हाई, साहेब. सुटून आलेला एक हाय, त्याची मी रोज हजेरी घ्यायलोय."

"कोणाच्या हुकुमानं?"

"हुकूम कशाला? रिवाजच हाय."

"पाटील, कोर्टानं दिलेली सजा त्यानं भोगली ना? मग वरची ही सजा देणारे तुम्ही कोण? निजाम कधीच गेला हो!"

सगळे पाटील खो खो हसले. किशनरावांचे कान तापले. एसटीत बसेपर्यंत त्यांना साहेबाचाच राग होता. कालचं पोर, मला शिकवतंय! पण गाडी दवाखान्यावरून वळली आणि त्यांना चांगुणा आठवली.

चांगुणा व्यंकटीची बायको. बाळंत झाली आणि रक्त थांबेना, म्हणून तिला याच दवाखान्यात आणलेलं. तिनं नवऱ्याचा हात सोडला नव्हता. दुपार कलली तसा तो हात सोडवून व्यंकटी उठला, हजेरीसाठी गावात आला. चावडीवर हात जोडून म्हणाला होता, "मालक, चार रोज सूट द्या. लई बेजार हाय ती."

"तुला सूट दिली तर उद्या गाव डोक्यावर बसंल," पाटील म्हणाले होते. तोवर शेवटची गाडी गेली होती. व्यंकटी पायी पोचला तेव्हा चांगुणा राहिली नव्हती. तान्ही सिंधु तेवढी रडत होती.

किशनरावांना दरदरून घाम फुटला. आपण कायदा पाळतोय म्हणून ते त्या रात्री निवांत जेवले होते. कायदाच नव्हता! लाज वाटली, इतकी की कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी त्यांना मान वर करवेना. आज व्यंकटीला खरं सांगायचं, त्याचे पाय धरायचे, असं मनाशी ठरवूनच ते फाट्यावर उतरले.

सांजेला चावडीवर चार माणसं बसलेली. व्यंकटी पायरीशी आला. "हाजिर हाय, मालक."

किशनरावांनी घसा खाकरला. त्या चार माणसांकडे बघितलं. आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "व्यंकटी, नव्या जिल्ह्यानं तुझी हजेरी माफ केली. जा लातूरला."

व्यंकटी मटकन पायरीवर बसला आणि पोरासारखा रडला. "तुमीच सायबापाशी शबूद टाकला असंल, मालक. हाव ना?"

"पाटलाबिगर कोण टाकणार!" एक जण म्हणाला. किशनरावांनी पानाचा डबा उघडला, पुन्हा मिटला. नाही म्हणणं काही त्यांच्यानं झालं नाही.

सकाळी फाट्यावर व्यंकटी बोचकं घेऊन उभा, बोटाला सिंधु. निरोपाला निम्मं गाव जमलेलं. किशनराव लांबूनच जाणार होते, पण व्यंकटीनं हाक मारून बोलावलं आणि लेकीला म्हणाला, "पाया पड, बाई. यांच्यामुळं सुटलो आपण."

पोरगी वाकली. पाय मागं घ्यायला हवे होते, पण सगळे बघत होते. किशनराव तसेच उभे राहिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी ऱ्हा."