असिबे मास्टरचे तीन ठोके

घानातल्या कुमासी शहरात, सुआमे भागातल्या आमच्या गल्लीत, गाड्या दुरुस्त करणारे पन्नास आणि गाड्यांबद्दल बोलणारे पाचशे. असिबे मास्टर दोन्हींत पहिला. मी बेदियाको, त्याच्या शेडला लागूनच माझं वेल्डिंगचं दुकान. सतरा वर्षं त्याचं ऐकतोय, तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा कडवटपणा आला तर समजून घ्या.

मास्टरची कीर्ती त्याच्या कानामुळे. कुठलाही पार्ट आणला की तो डाव्या हातात लोंबता धरायचा, पान्याने टक् करून ठोकायचा आणि डोळे मिटून कानाशी न्यायचा. मग निकाल. जपानचं लोखंड, जर्मनीचं लोखंड, नाहीतर नुसतंच तोंड वाकडं. डब्यातल्या नव्याकोऱ्या पार्टला तो ठोकायचाही नाही. परदेशातल्या गाडीखाली दहा वर्षं चालून, जहाजातून इथे उतरलेला जुना पार्ट तेवढा खरा. आमच्याकडे सगळे असंच मानतात. मीही मानायचो. माझं वेल्डिंगचं मशीनही तसंच आलंय, आणि पावसाळ्यात त्याची रोज मनधरणी करावी लागते.

समोर बाफोरचं दुकान, सगळा माल डब्यातला. मास्टर जाता-येता त्याला विचारायचा, "काय बाफोर, आज किती पुठ्ठा विकलास?" बाफोर हसायचा आणि डबे पुसत राहायचा.

मास्टरचा आणखी एक रिवाज होता, आणि तो खरोखर चांगला होता. झिजलेला पार्ट काढला की त्यावर टोकदार पंच ठेवून हातोडीचे तीन ठोके घालायचे. शेजारी शेजारी तीन खड्डे. याचा अर्थ हा पार्ट मेला, पुन्हा कुणी गाडीला लावायचा नाही. त्याच्या गुरूने त्याला तसं शिकवलं होतं, आणि गल्लीत ही खूण फक्त त्याचीच. ठोके झाले की तो खड्ड्यांवरून अंगठा फिरवायचा आणि पार्ट कोपऱ्यातल्या ढिगावर टाकायचा. ढीग वाढला की इद्रिसू भंगारवाला वजनावर घेऊन जायचा. तो पुढे त्याचं काय करतो, हे सतरा वर्षांत आम्ही कुणी विचारलं नाही.

त्या गुरुवारी सकाळी आंटी अफ्रियीची पिकअप आली. आंटीचा यामच्या कंदांचा धंदा. तिचा धाकटा भाऊ सारपाँग रिकामी गाडी एजुराला न्यायचा आणि कंदांनी खच्चून भरून माम्पाँगचा घाट उतरून आणायचा. खड्ड्यात पुढचं एक चाक ठक ठक करत होतं. मास्टरने जॅक लावला, चाक हलवलं आणि सांगितलं की चाकाला धरून ठेवणारा खालचा आर्म गेला, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट पार खिळखिळा झालाय.

"मग समोरून नवा आणा," आंटी म्हणाली. "घाटात चाक निखळलं तर माझा भाऊ जाईल. कंद परत पिकतील."

मास्टरला ते फार लागलं. आपल्या शेडमध्ये उभं राहून कुणी समोरच्या दुकानाचं नाव काढावं? तो काही न बोलता जुन्या पार्टांच्या बाजारात गेला. मीही गेलो, मला तमाशा चुकवणं जमत नाही. एका ढिगातून त्याने काळाभोर रंगवलेला एक आर्म उचलला. ठोकला, कानाशी नेला. इतका वेळ डोळे मिटून उभा राहिला की आजूबाजूचे आपापला सौदा सोडून बघू लागले.

"जपान," तो म्हणाला. "आणि तेही थंड गावातला. समुद्राचं मीठ लागलेलं नाही."

लोकांनी माना डोलावल्या. दुकानदाराने तर सगळ्यांत जोरात डोलावली. तो माल कुठून आला ते त्यालाच नीट माहीत नव्हतं, पण असं प्रमाणपत्र फुकट मिळत असेल तर कोण सोडेल?

तासाभरात आर्म बसला. जॉइंट हाताने हलवून पाहिला तर घट्ट. सारपाँगने गल्लीत एक फेरी मारली, ठकठक गायब. आंटीने आभार मानले, तेही जरा खालच्या आवाजात, आणि पिकअप एजुराला गेली. मास्टरने बाफोरच्या दुकानाकडे पाहत पंधरा मिनिटं हात पुसले.

दुपारी मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके आणि तळलेली मासळी खाऊन झाल्यावर त्याने आंटीच्या गाडीचा काढलेला आर्म पुढ्यात घेतला. पंच ठेवला. एक, दोन, तीन. सवयीने अंगठा फिरवला आणि तिथेच थांबला. पुन्हा फिरवला.

"बेदियाको," तो म्हणाला, "सकाळचा आर्म बसवताना रंगाखाली काहीतरी लागलं होतं. मला वाटलं ओतकामातला दोष."

"किती खड्डे होते?" मी विचारलं.

त्याने तीन बोटं दाखवली.

म्हणजे इद्रिसूने वजनावर नेलेलं भंगार बाजारात परत आलं होतं. खड्ड्यांत पुट्टी भरून, वर रंग फासून, जॉइंटमध्ये घट्ट ग्रीस कोंबलं की मेलेला पार्ट दोन-तीन तास जिवंतासारखा वागतो. मास्टरने स्वतःच्या हाताने मारलेला मुडदा स्वतःच्या कानाने जपानी ठरवला होता. आणि तो आता कंदांचं ओझं घेऊन घाट उतरणार होता.

आम्ही सारपाँगला फोन लावला. नेहमीप्रमाणे बंद. आंटीला लावावा तर सगळं सांगावं लागणार. मास्टर माझ्याकडे बघून म्हणाला की कदाचित त्याच्या अंगठ्याचीच चूक झाली असेल. खरं सांगतो, तेव्हा मला त्याची चीड आली होती. कान चुकू शकत नाही, पण अंगठा चुकू शकतो म्हणे! बहुतेक ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण तो उठला आणि रस्ता ओलांडून बाफोरच्या दुकानात गेला.

मास्टरने मागितलेला डबा बाफोरने काउंटरवर ठेवला. आतला आर्म बाहेर काढला, जवळ पडलेला पाना उचलला आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीने मास्टरपुढे धरला.

"ठोकून बघता ना, मास्टर?"

दारात सात-आठ जण जमले होते. मास्टरने आर्म परत डब्यात घातला, डबा काखेत मारला आणि पाना तिथेच सोडून बाहेर पडला.

आम्ही टॅक्सी करून घाट चढलो. माम्पाँगला, उतार सुरू होण्याआधी, रस्त्याच्या कडेला पिकअप उभी होती. सारपाँग चहा पीत होता, आणि मागे कंदांचा डोंगर. मास्टरला पाहताच तो हमालांना म्हणाला, "हेच ते मास्टर. काय आर्म बसवलाय! गाडी लोण्यासारखी चालते."

मास्टरची पावलं रेंगाळली. हमाल कौतुकाने बघत होते, आणि इथून परत फिरणं अगदी सोपं होतं. पाहणी करायला आलो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मग त्याची नजर घाटाच्या वळणावर गेली.

"गाडी रिकामी कर," तो म्हणाला.

चाक उतरवलं. आता आर्म हाताने सरळ सरळ डुलत होता. मास्टरने तो काढला, पेट्रोलचं फडकं घासलं. काळा रंग निघाला, पुट्टी निघाली, आणि तीन खड्डे वर आले. सारपाँगने त्यांच्यावर बोट ठेवलं.

"ही कुणाची खूण, मास्टर?"

"माझी," मास्टर म्हणाला. "मीच मारलेला, मीच विकत घेतला, आणि मीच तुझ्या चाकाला लावला."

नवा आर्म त्याने तिथेच बसवला. परत येताना आम्ही दोघं पिकअपमध्येच बसलो, मास्टर पुढे, त्याच चाकाच्या बाजूला. अख्खा घाट उतरेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. सतरा वर्षांत हे पहिल्यांदाच झालं.

गल्लीने त्याची टिंगल केली, अगदी मनसोक्त. आठवडाभर बाफोरच्या दुकानात लोक पुठ्ठ्याचे डबे कानाला लावून देश ओळखत होते. मास्टर मेलेले आर्म आता ठोके मारून झाल्यावर माझ्याकडे पाठवतो, मी गॅसने त्यांचे दोन तुकडे करतो. इद्रिसूने माझ्याशी बोलणं टाकलंय.

सगळा किस्सा कानावर गेल्यावर मंगळवारी आंटी अफ्रियी आली. सगळी गल्ली काम सोडून ऐकायला उभी राहिली. तिने दोन मोठे कंद मास्टरच्या बाकावर ठेवले आणि शेजारी कागदात गुंडाळलेला एक जुना पार्ट ठेवला, दुसऱ्या गाडीसाठी घेतलेला. मास्टरचा हात सवयीने पान्याकडे गेला.

आंटीने पाना उचलून आपल्या पिशवीत टाकला.

"कान राहू द्या," ती म्हणाली. "अंगठा लावा."