टिकल्यांचं मतदान

आमच्या डिझाइन ऑफिसात कल्पना एकट्याने लढवायची पद्धत नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं, निनावी चिठ्ठ्यांवर कल्पना लिहून भिंतीवर लावायच्या, कोणाच्या कल्पनेला नाक मुरडायचं नाही, आणि मग प्रत्येकाने आवडत्या तीन चिठ्ठ्यांवर एकेक रंगीत ठिपका चिकटवायचा. ज्या चिठ्ठीवर ठिपके जास्त, ती जिंकली. हा खेळ चालवायचं काम माझ्याकडे होतं. तीन वर्षांत माझी एकही चिठ्ठी जिंकली नव्हती. ऑफिसात माझी ओळख 'मार्कर आणणारे काका' एवढीच उरली होती, आणि ती मला झोंबत होती.

खाडीकाठच्या एका जेट्टीवर प्रवाशांसाठी शेड बांधायची होती. जागा बघून झाली आणि आम्ही नऊ जण मुरुडच्या एका लॉजवर बसलो. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या साहेबाने जाहीर केलं, ज्याची कल्पना जिंकेल त्याच्याकडे हे काम. तेव्हा लक्षात आलं की मार्कर आणलेत, ठिपके राहिले.

बाजारातल्या बांगडीवाल्याकडे टिकल्यांची पाकिटं मिळाली.

"वहिनींना कुठला रंग चालतो?" त्याने विचारलं.

"सगळ्या एकाच रंगाच्या द्या. मतदान गुप्त आहे," मी म्हणालो. त्याने लाल टिकल्यांची पाकिटं पुढे सरकवली.

जेवणाआधी मतदान झालं. माझ्या चिठ्ठीवर तीन टिकल्या आल्या. माझी शेड पाठीला भिंत असलेली आणि समोर पश्चिमेला, खाडीकडे पूर्ण उघडी होती. बसल्या जागी पाणी, होड्या, पलीकडचा डोंगर. शेजारच्या चिठ्ठीवर सहा टिकल्या. तिच्यावर लिहिलं होतं, 'शेड उलटी फिरवा. भिंत पश्चिमेला. तीनच्या फेरीला दृश्य कोण बघतंय?' मोजणी जेवणानंतर करायची ठरली आणि सगळे सुरमईवर तुटून पडले.

माझं जेवण लवकर आटपलं. हॉलमध्ये आलो तर पंखा गरगरत होता आणि निम्म्याहून जास्त टिकल्या फरशीवर. खाऱ्या दमट हवेत कागद ओलसर झाले होते, टिकल्यांचा डिंक टिकला नव्हता. कुठल्या चिठ्ठीवर किती होत्या, हे मला तोंडपाठ होतं. मी गुडघ्यांवर बसून एकेक टिकली गोळा केली आणि बोटाने दाबून परत लावली. माझ्या चिठ्ठीवर सहा लावल्या. शेजारच्या चिठ्ठीवर तीन.

उलटी शेडच बरोबर होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. तिच्यावर पहिली टिकली मीच लावली होती.

सगळे आले, मोजणी झाली, टाळ्या झाल्या. आमच्यातली एक मुलगी दोन्ही चिठ्ठ्यांकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तिनेही टाळ्या वाजवल्या. कोणाच्या कल्पनेला नाक मुरडायचं नाही, हा नियम मीच सकाळी मोठ्याने वाचून दाखवला होता. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला. खरं सांगायचं तर आनंद जास्त झाला.

शेड उभी राहिली. तिचे फोटो फार सुंदर आले.

यंदा मे महिन्यात गावी जाताना मी त्या जेट्टीवर पोहोचलो. तीनच्या फेरीला वेळ होता. शेडमधली सगळी बाकं रिकामी होती, आणि त्यांच्यावर ऊन ऐसपैस पसरलं होतं. माणसं शेडच्या मागे, भिंतीला पाठ लावून ओळीने उभी होती. त्यांत एक म्हातारे गृहस्थ काठीवर भार देऊन उभे होते.

एका मासळीवालीने मला उन्हात बघितलं आणि आपली पाटी पायाने बाजूला सारली.

"या दादा, हतं सावली हाय. आत कोन बसत न्हाय. कोन्या शहान्यानं बांधलीय, द्येव जाने. तुमाला ठावं हाय?"

"नाही," मी म्हणालो, आणि तिने करून दिलेल्या जागेत उभा राहिलो.